कोरियात परका: हामेलपासून आजपर्यंतची काही पुस्तकं



गेली दोन वर्षं आमच्या वाचनमंडळात एकच विषय चालू आहे, आणि त्याला कारण आमच्यातली एक मैत्रीण. ती शिकायला म्हणून दक्षिण कोरियात गेली आणि तेगू शहरात चार वर्षं राहून आली. परत आल्यावर जो तो तिच्या मागे लागला: लिही. 'कोरियातले दिवस', असं काहीतरी. मराठीत प्रवासवर्णनाला वाचक आहेच, पुलंचं 'पूर्वरंग' आपल्याला जपानपर्यंत घेऊन गेलं होतं, आता पुढचं पाऊल तू टाक. एका प्रकाशकांनी मुखपृष्ठाचा रंगही ठरवून टाकला. गुलाबी, चेरीच्या फुलांचा. (हशा) तिनं मात्र दोन वर्षांत एक प्रकरणही लिहिलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "लिहायला बसले की मी पुन्हा परकी होते."

हे वाक्य आम्हाला सोडेना. म्हणून आम्ही पाच जणांनी ठरवलं की कोरियात राहिलेल्या, फिरलेल्या परक्यांनी काय आणि कसं लिहिलं ते ओळीनं वाचायचं. आज जे सांगायचं आहे ते या वाचनातून आलेलं आहे. उभा एकच आहे, पण 'आम्ही' म्हणतोय ते खरोखरीचं अनेकवचन आहे, संपादकीय नव्हे.

सुरुवात हामेलपासून करावी लागते. हेंड्रिक हामेल हा डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा हिशेबनीस. १६५३ साली 'स्पेर्वेर' नावाचं जहाज तैवानहून नागासाकीकडे निघालं आणि वादळात जेजू बेटावर फुटलं. जहाजावर ६४ जण होते, त्यांतले ३६ वाचले. कोरियात तेव्हा चोसन राजांचं राज्य होतं, आणि तिथली रीत अशी की आलेला परका परत जायचा नाही. मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, पण सोडायचंही नाही. हामेल तेरा वर्षं तिथे राहिला. १६६६ साली आठ जण एका होडीतून योसूजवळून निसटून जपानला पोचले, त्यांत तो होता. त्यानं लिहिलेला वृत्तान्त १६६८ मध्ये हॉलंडमध्ये छापला गेला. कोरियाबद्दल कुणा युरोपियनानं तिथे राहून लिहिलेलं ते पहिलं पुस्तक.

आता हे त्यानं का लिहिलं? कोरियाची संस्कृती जगाला कळावी म्हणून? छे. जहाज बुडालं की पगार थांबायचा, अशी कंपनीची पद्धत. तेरा वर्षं आम्ही कुठे होतो, काय करत होतो, आमचा दोष नव्हता, हे वरिष्ठांना पटवायचं होतं. म्हणजे हे पुस्तक मुळात थकलेल्या पगाराचा अर्ज आहे! आमचं मत विचाराल तर त्याचा चांगलेपणा तिथूनच येतो. हामेलला कुणावर छाप पाडायची नाही. आपण कोरियात किती मिसळलो हे सिद्ध करण्यात त्याला काडीचा रस नाही, उलट मिसळलो नाही असंच दाखवण्यात त्याचा फायदा. तरीही तेरा वर्षं पानापानांतून झिरपत राहतात. दुष्काळात सरकारी शिधा कमी झाला, मग लाकडं तोडली, गवत उपटलं, दारोदार भीक मागितली. कुठला अधिकारी बरा, कुठला छळवादी. थंडीत काय पांघरलं. भिक्षू सगळ्यांत दयाळू, कारण त्यांना दूरदेशीच्या गोष्टी ऐकायची हौस. हे वाचताना आम्हाला गोडसे भटजी आठवले. वरसईहून दक्षिणा मिळवायला निघालेला माणूस सत्तावन्नच्या बंडात सापडतो आणि शेवटी 'माझा प्रवास' लिहून जातो. दोघेही पाहायला निघाले नव्हते. पोटासाठी निघाले आणि पाहणं अंगावर येऊन कोसळलं. अशा माणसाच्या नजरेत एक खरेपणा असतो, तो हौसेनं निघालेल्याच्या नजरेत फार क्वचित सापडतो.

हामेलच्या पुस्तकातली एक छोटी गोष्ट सांगतो. या डच माणसांबद्दल सोलमध्ये अफवा होती की पाणी पिताना ते नाक उचलून कानामागे ठेवतात. (हशा) बड्या घरांतून त्यांना बोलावणी यायची, बायकापोरांना दाखवायला. हामेल हे रागानं सांगत नाही. हिशेबाच्या वहीत नोंद करावी तसं सांगतो. परदेशी माणूस तिथलं काय पाहतो हे आपण नेहमी वाचतो, पण तो तिथे काय म्हणून पाहिला जातो हे इतक्या कोरड्या शब्दांत लिहिणारे थोडे.

पण आम्हाला ज्या माणसानं खरं अडवलं तो हामेल नव्हे. त्याचं नाव यान वेल्टेफ्रे. हाही डच. १६२७ साली पाणी भरायला किनाऱ्यावर उतरला आणि पकडला गेला. बरोबरचे दोघे पुढे मांचूंच्या स्वारीत मेले. हा राहिला. राजाच्या फौजेत तोफांचं काम करू लागला, पाक यॉन हे नाव घेतलं, तिथेच लग्न केलं, मुलं झाली. १६५३ मध्ये हामेलची माणसं सापडली तेव्हा ही कोण, हे विचारायला राजानं त्यालाच पाठवलं. हामेल लिहितो की तो आपली मायबोली इतकी विसरला होता की सुरुवातीला त्याचं बोलणं कळेना. कोरियन नोंदींत असं आलं आहे की या लोकांना भेटून तो इतका रडला की कपडे भिजले.

वेल्टेफ्रेनं एक ओळही लिहिली नाही. निदान आपल्यापर्यंत आलेली नाही. आता बघा: 'कोरियन संस्कृतीत पूर्ण बुडालेला परदेशी' असं ज्याला म्हणता येईल तो हाच. आणि त्याचं पुस्तक नाही. आमचं म्हणणं हळूहळू इथे येऊन ठेपलं. प्रवासवर्णन लिहितो तो निघून आलेला माणूस. परतीची वाट असते म्हणून पुस्तक असतं. तेव्हा लेखक तिथे किती मुरला, किमची किती खाल्ली, भाषा किती आली, यावरून पुस्तकाची किंमत करू नये. तो निघू शकत होता का, आणि ही गोष्ट तो वाचकापासून लपवतो का, हे पाहावं.

ही कसोटी लावली की काही मोठी नावं लगेच लहान होतात. उदाहरणार्थ परसिव्हल लॉवेल. बोस्टनच्या श्रीमंत घरातला. १८८३ मध्ये कोरियाचं शिष्टमंडळ अमेरिकेत गेलं तेव्हा त्यांच्याबरोबर काम केलं आणि त्या हिवाळ्यात राजाचा पाहुणा म्हणून सोलमध्ये राहिला. राजा गोजोंगचे फोटो काढले. त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं, 'चोसन, द लँड ऑफ द मॉर्निंग काम'. शांत सकाळीचा देश ही ओळख पुढे पर्यटनाच्या जाहिरातींतून इतकी वापरली गेली की तिची चव गेली. वर्णनं चांगली आहेत, खोटं कशाला बोला. पण एका हिवाळ्याच्या मुक्कामावर त्यानं सिद्धान्त बांधला की या पूर्वेकडच्या लोकांत व्यक्तित्वच कमी, 'मी' नाही. १८८८ मध्ये त्याचं वेगळं पुस्तकच केलं, आणि तिथे जपानी भाषेत सर्वनामं जवळपास नाहीत हा पुरावा म्हणून मांडला. हाच लॉवेल पुढे अ‍ॅरिझोनात वेधशाळा बांधून मंगळावरचे कालवे पाहू लागला. नसलेले कालवे! आम्ही त्याच्यावर हसलो खरे, पण मग आमच्यातल्या एकानं विचारलं: मराठीत "येतेस?" "येते" एवढ्यावर भागतं, त्यात 'तू' नाही, 'मी' नाही. म्हणजे आपल्यातही व्यक्तित्व नाही का?

इझाबेला बर्ड बिशप हे प्रकरण वेगळं. बाई साठी ओलांडून १८९४ मध्ये कोरियात आल्या, तीन वर्षांत चार वेळा गेल्या. हान नदीतून होडीनं कित्येक आठवडे वरच्या अंगाला प्रवास केला. मुक्कामाच्या ठिकाणी त्यांना पाहायला गर्दी व्हायची, कागदी दारांना बोटांनी भोकं पाडून लोक आत डोकवायचे. पहिल्या भेटीत सोल त्यांना इतकं घाणेरडं वाटलं की पेकिंग पाहीपर्यंत जगात याहून घाण शहर नसेल असं त्या समजत होत्या. लोक आळशी, देश हताश, हे मतही तेव्हाचंच. इथवर साम्राज्याच्या काळातली कुठलीही बाई किंवा बुवा हेच लिहितो.

पण मग त्या रशियाच्या हद्दीत गेल्या. व्लादिवोस्तोकच्या बाजूला कोरियातून पळून गेलेले शेतकरी वसले होते. तीच माणसं, तीच भाषा. आणि तिथे नीटनेटकी घरं, भरलेली कोठारं, ताठ मानेनं बोलणारे लोक. बाईंनी स्वतःचं मत दुरुस्त केलं, आणि मुख्य म्हणजे पुस्तकातच दुरुस्त केलं. आळस स्वभावात नव्हता. कमावलेलं अधिकारी आणि सरदार लुबाडून नेणार हे ठाऊक असलेल्या माणसानं कमवावं कशाला? नंतरच्या भेटीत सोलचे रस्ते सुधारलेले दिसले तर तेही मोकळेपणानं लिहिलं. १८९८ च्या 'कोरिया अँड हर नेबर्स'मध्ये पहिलं मत आणि दुरुस्त मत, दोन्ही शाबूत आहेत. नंतर शहाणं होऊन मागचं खोडून टाकण्याचा मोह बाईंनी आवरला. प्रवासी म्हणून त्या कधीच मिसळल्या नाहीत, राणीला भेटल्या त्याही इंग्रज बाई म्हणूनच. तरी आमच्या यादीत त्या लॉवेलच्या कितीतरी वर.

सायमन विंचेस्टरबद्दल एवढंच की १९८७ मध्ये तो हामेलच्या मार्गाचा माग काढत जेजूपासून उत्तरेच्या सीमेपर्यंत चालत गेला. पुस्तक वाचनीय आहे. पण हामेलला त्या वाटेनं नेलं होतं, आणि हा गेला. या दोन क्रियापदांतलं अंतर पायी चालून भरून निघत नाही.

मग जे राहिले त्यांनी काय केलं? होमर हल्बर्ट १८८६ मध्ये इंग्रजी शिकवायला आला आणि काही वर्षांत निव्वळ हांगुल लिपीत जगाच्या भूगोलाचं पाठ्यपुस्तक लिहिलं. म्हणजे परक्यानं कोरियाचं वर्णन जगाला सांगितलं नाही, जगाचं वर्णन कोरियाला सांगितलं. दिशा बदलली बघा. १९०५ मध्ये कोरियन आणि आपल्या दक्षिणेतल्या द्रविड भाषांचं तुलनात्मक व्याकरणही त्यानं छापलं. आजचे भाषाशास्त्रज्ञ ते नातं मानत नाहीत, पण तमिळ घरातल्या 'अप्पा'सारखाच 'आप्पा' कोरियन घरात ऐकला की कुणाच्याही मनात तो विचार येईल. १९०७ मध्ये जपानविरुद्ध दाद मागायला राजाचे दूत हेगला गेले, त्यांच्या कामात तो होता. १९४९ मध्ये म्हातारपणी निमंत्रणावरून परत आला आणि आठवड्याभरात वारला. सोलच्या यांगह्वाजिन दफनभूमीत त्याचं थडगं आहे. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेपेक्षा कोरियाच्या मातीत पुरलं जावं, ही त्याची इच्छा त्यावर कोरलेली आहे. त्याचं १९०६ चं 'द पासिंग ऑफ कोरिया' मात्र पुस्तक म्हणून बर्डबाईंच्या मागे पडतं. प्रेमात आणि रागात लिहिलेलं आहे, आणि प्रेमात पडलेला माणूस स्वतःचं मत दुरुस्त करत नाही.

जेम्स गेल १८८८ मध्ये आला, १८९७ मध्ये कोरियन-इंग्रजी शब्दकोश दिला, १९२२ मध्ये सतराव्या शतकातली 'नऊ जणांचं मेघस्वप्न' ही कादंबरी इंग्रजीत आणली. जवळपास चाळीस वर्षं राहिला. आपल्या काळात ब्रदर अँथनी. मूळचे इंग्लंडचे, १९८० मध्ये कोरियात गेले, १९९४ मध्ये कोरियन नागरिक झाले, आन सॉनजे नाव घेतलं, आणि कोरियन कवींचे कितीतरी अनुवाद केले. यात काही सूत्र दिसतं का तुम्हाला? आम्हाला दिसलं. येऊन जाणारे 'मी काय पाहिलं' लिहितात. राहणारे कोश करतात, व्याकरण करतात, दुसऱ्याची कविता भाषांतरित करतात. 'मी' मागे सरतो. गेलनंही प्रवासचित्रं लिहिली आहेत, तेव्हा नियम म्हणून हे टिकणार नाही, मान्य. पण गेलची ती चित्रं आज किती जण वाचतात आणि कोश कितींना उपयोगी पडला, हे पाहा.

आता आमच्या मैत्रिणीकडे येतो, कारण भाषेचा मुद्दा तिनंच समजावून दिला. कोरियनमध्ये 'उरी' असा शब्द आहे. काश्मीरमधलं नव्हे. (हशा) अर्थ 'आम्ही', 'आमचं'. कोरियन माणूस 'माझी आई' म्हणत नाही, 'उरी आई' म्हणतो. बायको नवऱ्यालासुद्धा 'आमचा नवरा' म्हणते. इंग्रजी लेखक या शब्दावर पानंच्या पानं खर्च करतात, केवढी ही सामूहिकता म्हणून. मराठी माणसाला काय त्याचं? आमच्या घरात 'आमचे हे' पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. खानावळीतल्या बाईला कोरियात 'इमो' म्हणतात, म्हणजे मावशी. आपल्याकडेही पोळ्या करायला येते ती मावशीच, आणि दवाखान्यातही मावशीच. मैत्रीण म्हणाली की अभ्यासक्रमात ज्याला संस्कृती म्हणून वेगळा धडा होता तो तिला कधी शिकावाच लागला नाही.

पण पुढे गाडी अडते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही जेवतो' आणि 'आपण जेवू' यांत समोरच्याला ताट वाढलं की नाही एवढा फरक आहे. 'उरी'त तो फरक नाही, दोन्ही चालतं. एक 'जोही' म्हणून नम्र शब्द आहे, तो समोरच्याला वगळतो. गंमत अशी की देशाबद्दल बोलताना 'जोही' वापरणं चूक मानतात, देशाला कमीपणा येतो म्हणून. देश कायम 'उरी नारा', आपला देश. मैत्रीण तिसऱ्या वर्षी घरमालकीणबाईंशी बोलताना ओघात म्हणून गेली, 'उरी नारा'त या दिवसांत पाणी किती गार असतं. तिच्या मनात होतं तेगू. बाई प्रेमळ. तिच्या हातात सोललेलं संत्रं ठेवून म्हणाल्या, "हो का? भारतातही इतकी थंडी पडते?"

अपमान झाला का? मुळीच नाही. बाईंनी चूक पकडलीसुद्धा नाही, कारण त्यांच्या कानाला ती चूकच वाटली नाही. आणि इथेच दुखतं. कोरियनमध्ये मान-आदराचे प्रत्यय क्रियापदाला चिकटलेले असतात. आपल्या अहो-जाहो आणि अरे-तुरेपेक्षा बारीक काम. तिथलं पोर चुकलं तर कानउघाडणी होते. परका चुकला तर टाळ्या: किती छान बोलता हो! चार वर्षांनीही तेच कौतुक, तेच दोन शब्द बोलल्यावर. चूक माफ होते तोवर तुम्ही पाहुणे. २०१४ पासून तिथल्या एका वाहिनीवर निरनिराळ्या देशांचे तरुण अस्खलित कोरियनमध्ये चर्चा करायचे, कार्यक्रम खूप गाजला. प्रत्येक जण आपापल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बसलेला. भाषा इतकी आली, तरी खुर्चीसमोर देशाची पाटी. (मराठी 'आपण'ही साधा नाही म्हणा. "आपण कुठले?" असं आदरानं विचारलं की त्याच शब्दानं माणूस दूर बसतो.)

आणि ज्यांना खुर्चीही नाही त्यांचं काय? २००४ पासून कोरियात परवाना पद्धतीनं परदेशी कामगार येतात. नेपाळ, व्हिएतनाम, कंबोडिया, श्रीलंका, बांगलादेश. कारखाने, शेती, मासेमारी. मालक बदलायला जाचक अटी. एका खेपेची मुदत जास्तीत जास्त चार वर्षं दहा महिने. पाच वर्षं सलग झाली तर पुढे कायमचं राहण्याचा अर्ज करता येईल, म्हणून दोन महिने अलीकडे दोरी कापली, असं या पद्धतीचे टीकाकार म्हणतात. हामेलच्या राजानं जाऊ दिलं नाही, आताची व्यवस्था राहू देत नाही. २०२० मध्ये नेपाळी कामगारांच्या कवितांचं पुस्तक कोरियनमध्ये निघालं. नावाचा अर्थ साधारण 'हे यंत्रांचं शहर आहे'. परक्यानं कोरियात बुडून लिहिलेलं साहित्य म्हणून दुकानांच्या प्रवासवर्णनाच्या कप्प्यात ते ठेवायचं कुणाला सुचत नाही. तिथे कॅफेंची पुस्तकं असतात. आमच्या मते हामेलचा खरा वारस शोधायचा तर विंचेस्टरकडे न जाता इकडे यावं. इथेही माणूस पाहायला आलेला नाही. पगारासाठी आला, आणि पाहणं अंगावर आलं.

मैत्रिणीनं पुस्तक लिहिलं नाही, ते बरं झालं असं आम्ही म्हणणार नाही. तिचं पुस्तक आम्हाला वाचायचं होतं, अजूनही आहे. पण तिच्या आग्रहानं आम्ही हामेलचा वृत्तान्त मराठीत आणायला घेतलाय. डच कुणाला येत नाही, इंग्रजीवरून चाललंय, ती उणीव आहेच. हामेल जवळजवळ सगळीकडे 'आम्ही' लिहितो, त्यामुळे पहिली काही पानं भराभर झाली. मग वेल्टेफ्रे आला. तो या बुडालेल्या लोकांना सांगतो की मला जपानला पाठवा असं मी राजाला कितीदा विनवलं, दर वेळी उत्तर एकच: पंख असतील तर उडून जा, परक्याला बाहेर सोडायची रीत नाही. मराठीत वाक्य लंगडं वाटतं. कुणाकडे रीत नाही? 'यांच्याकडे' लिहिलं तर वेल्टेफ्रे डच होतो. 'आमच्याकडे' लिहिलं तर कोरियन होऊन समोरच्या डच माणसांना बाहेर ठेवतो. मैत्रीण 'आपल्याकडे'वर अडून बसली आहे. त्याला सव्वीस वर्षं झाली होती, म्हणते, आणि समोरचेही आता इथेच राहणार हे त्याला कळलं होतं. बाकीच्यांतले दोघे 'यांच्याकडे'चे, दोघे 'आमच्याकडे'चे. सध्या त्या जागी पेन्सिलीनं गोल काढून ठेवलाय. प्रश्नोत्तरांत कुणाला त्याबद्दल बोलायचं असेल तर आम्हाला हवंच आहे.